ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत तज्ज्ञांची गफलत नेमकी कुठे होते?

"माझ्याकडे बघून हसली की! मग ऑटिझम कसा असेल?"

"इथे तर शहाण्यासारखी बसली. घरी तुम्ही फार लाड करता वाटतं."

"ऑटिझम आहे ना, मग असं चालायचंच."

ही वाक्यं मी माझ्या मुलीबद्दल वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या तोंडून ऐकली आहेत. पहिल्या वाक्यात ऑटिझम आहे हेच नाकारलं जातं. दुसऱ्यात खापर आईवडिलांवर फुटतं. तिसऱ्यात तर मुलीला जे काही होईल ते सरसकट ऑटिझमच्या खात्यात टाकलं जातं. तिन्ही वाक्यं तीन दिशांना जाणारी वाटतात, पण त्यांच्यामागची चूक एकच आहे. ती समजून घेतली तर पालकांना आपला राग नेमका कशाबद्दल आहे हे तरी सांगता येईल, आणि एखाद्या तज्ज्ञाने हे वाचलं तर फारच बरं.

ऑटिझम (स्वमग्नता) म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी असणं; त्यामुळे संवाद, वागणं आणि आवाज-स्पर्शाचा अनुभव वेगळा असतो. तो ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचा स्कॅन नाही. मुलाचं वागणं पाहून आणि पालकांकडून त्याच्या वाढीची हकीकत ऐकून निदान केलं जातं. आता वागणं सगळ्यांनाच दिसतं, पण त्याचा अर्थ पाहणाऱ्याने लावलेला असतो. मूल कानांवर हात ठेवतं, एवढं डोळ्यांना दिसतं. आवाज सहन होत नाही म्हणून ठेवले, कान ठणकतोय म्हणून ठेवले, की समोरच्याचं बोलणं नको झालंय म्हणून, हे दिसत नाही. ते शोधावं लागतं. गफलत होते ती या शोधण्याच्या जागी. तज्ज्ञ नकळत इतर मुलांवरून बनलेले अंदाज वापरतात. नजर टाळतो म्हणजे लक्ष नाही, उत्तर देत नाही म्हणजे येत नाही, जमिनीवर लोळतो म्हणजे काहीतरी हवंय. इतर मुलांबाबत हे अंदाज बऱ्याचदा खरे निघतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसलेला असतो. आमच्या मुलांबाबत ते सपशेल चुकतात. आणि "नाही हो, ती तशी नाही" असं सांगायला आम्ही गेलो, की आमचं बोलणं माहिती म्हणून ऐकलं न जाता आईची माया म्हणून बाजूला ठेवलं जातं.

उत्तर आलं होतं, पण उशिरा

एका असेसमेंटच्या वेळी मी खोलीत कोपऱ्यात बसले होते. मॅडम एकेक चित्र दाखवून "हे काय आहे?" असं विचारत होत्या. पहिलं चित्र शिडीचं होतं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मॅडमनी जरा वेळ वाट पाहिली आणि पान उलटलं. आता समोर घड्याळ होतं. मुलगी म्हणाली, "शिडी." कागदावर फुली पडली. पुढच्या पानावर बदक आलं, तेव्हा ती म्हणाली, "घड्याळ." पुन्हा फुली. तिची उत्तरं बरोबर होती, फक्त एकेक पान मागून येत होती. मी तसं म्हटल्यावर "आई, तुम्ही मध्ये बोलू नका" एवढंच ऐकून घ्यावं लागलं. रिपोर्टमध्ये लिहून आलं की ओळखीच्या वस्तूंची नावं सांगता येत नाहीत.

प्रश्न कानावर पडणं, त्याचा अर्थ लागणं, उत्तर सापडणं आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडणं, या वेगवेगळ्या क्रिया आहेत. आपल्याला त्या एकच वाटतात, कारण आपल्या बाबतीत त्या क्षणात उरकतात. अनेक ऑटिस्टिक मुलांना यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. त्यात खोली नवी, माणूस अनोळखी, वर पंख्याची घरघर आणि टेबलावर चकाकणारा उजेड. आपला मेंदू ही घरघर आपोआप मागे ढकलतो. अशा मुलांच्या मेंदूत ती समोरच्याच्या आवाजाइतकीच पुढे राहू शकते. जणू घरातले टीव्ही, रेडिओ आणि फोन एकदम सुरू आहेत आणि त्यातून एकाच माणसाचं बोलणं वेचून काढायचं आहे. अशा वेळी मदत म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तर मुलाला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, तो त्रास वेगळाच. गप्प राहून थांबणं ही इथे खरी मदत असते, आणि नेमकी तीच घाईत असलेल्या माणसाला जमत नाही.

कोणती चाचणी वापरली यानेही किती फरक पडतो, ते २००७ साली मिशेल डॉसन, लॉरां मोट्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. डॉसन स्वतः ऑटिस्टिक संशोधक आहेत. त्यांनी ३८ ऑटिस्टिक मुलांना दोन प्रकारच्या बुद्धिमापन चाचण्या दिल्या. वेक्सलर चाचणीत बराच भाग तोंडी सूचना आणि तोंडी उत्तरांचा असतो. रेव्हनच्या चाचणीत आकृत्यांमधला क्रम ओळखून रिकामी जागा भरायची असते, बोलावं जवळपास लागतच नाही. शंभर मुलांच्या रांगेत मूल कितवं उभं राहील अशा हिशेबाने पाहिलं, तर रेव्हनच्या चाचणीत ही मुलं सरासरी ३० जागा वर गेली. काहींच्या बाबतीत हा फरक ७० हून अधिक होता. ऑटिझम नसलेल्या मुलांमध्ये दोन चाचण्यांत असं अंतर दिसलं नाही. मूल तेच आणि बुद्धी तीच. रिपोर्टवर जो आकडा छापून येतो त्यात चाचणीचाही वाटा असतो, हे रिपोर्ट हातात ठेवताना पालकांना कुणी सांगत नाही. मला ही गोष्ट अक्षम्य वाटते, कारण त्या आकड्यावरून मुलाला काय शिकवायचं आणि काय शिकवायचंच नाही हे ठरतं.

बोलता न येणं आणि समजत नसणं यांची गल्लत तर रोजची आहे. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल वाटेल ते बोललं जातं. चित्रांचं किंवा टॅबलेटवरचं संवादसाधन मागितलं, की "सवय लागेल, मग बोलणारच नाही" अशी भीती घातली जाते. या भीतीला आधार नाही. विकासविषयक अडचणी असलेल्या व्यक्तींवरच्या अभ्यासांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ उदाहरणांत साधन दिल्यामुळे बोलणं कमी झालं असं एकही नव्हतं. बहुतेकांचं बोलणं उलट वाढलं होतं.

हट्ट आणि मेल्टडाउन

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रडणं, किंचाळणं, अंग टाकून देणं. पण हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी मिळवायचं असतं. ते मधूनच डोळे किलकिले करून बघतं, की आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का. हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. आवाज, उजेड, गर्दी, अचानक बदललेला बेत असं सगळं साचत जातं आणि एका टप्प्याला सहन होण्यापलीकडे जातं. त्या वेळी हवी असलेली वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण वस्तूसाठी ते चाललेलंच नसतं. काही मुलं अशा वेळी ओरडत नाहीत, पार मिटून जातात. बोलणं बंद, हालचाल बंद. त्याला शटडाउन म्हणतात, आणि वर्गात ते "शांत बसलाय" म्हणून खपून जातं.

हट्ट समजून मेल्टडाउनवर "लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल" हा उपाय केला, तर घाबरलेलं मूल एकटं पडतं. शिक्षा केली तर भार आणखी वाढतो. आवाज कमी करणं, माणसं बाजूला करणं, बोलणं थांबवणं आणि सुरक्षित अंतरावर सोबत राहणं एवढंच तेव्हा कामाचं असतं. बाकी सगळं शिकवणं नंतर.

इंद्रियांचा हा त्रास पालक कधीपासून सांगत होते. आवाज, स्पर्श, वास यांना मिळणारा तीव्र किंवा अगदीच कमी प्रतिसाद हा डीएसएम-५ या निदान-नियमावलीत २०१३ साली पहिल्यांदा ऑटिझमच्या निकषांत आला. त्याच आवृत्तीपासून ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येऊ लागली. त्याआधीचे नियम ते होऊ देत नव्हते. म्हणून ज्यांचं शिक्षण त्यापूर्वी झालं आणि ज्यांनी नंतर पुस्तक उघडलं नाही, ते आजही "दोन्ही कसं असेल?" असं विचारतात.

"माझ्यासमोर तर छान वागली"

ती खरंच छान वागली असेल. पण छान वागण्यासाठी तिने काय खर्च केलं, ते तिथे दिसत नाही. अनेक ऑटिस्टिक मुलं, त्यातही मुली, इतरांना बघून बघून वागणं शिकतात. कधी हसायचं, कुणाच्या भुवयांकडे पाहिलं की नजर दिल्यासारखं वाटतं, हात हलवावेसे वाटले तर ते मांडीखाली कसे दाबायचे. याला मास्किंग म्हणतात. माझी मुलगी शाळेत दिवसभर अशी असते. घरी आली की दप्तर दारातच पडतं आणि ती पलंगाच्या मागे भिंतीला पाठ लावून बसते. त्या वेळी साधं "कसा गेला दिवस?" हेही तिला झेपत नाही. मी हे शाळेत सांगितलं, तर ती शाळेत नीट वागते म्हणजे अडचण घरातच असणार, असा निष्कर्ष निघाला. खरं पाहता गोष्ट उलटी आहे. मूल सांडतं ते जिथे सांडायची भीती वाटत नाही तिथे.

डीएसएम-५ नियमावलीतही हे लिहिलेलं आहे. लक्षणं लहानपणापासून असतात, पण सामाजिक मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती पुढे झाकलीही जाऊ शकतात. एका मुलीमागे चार मुलगे असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ते तीनाच्या जवळ निघालं, आणि निदानाचे निकष पूर्ण करणाऱ्या मुलींना निदान मिळण्याची शक्यता कमी असते, असंही त्यात म्हटलं आहे. दहा मिनिटांच्या भेटीत मुलगी हसली म्हणून ऑटिझम खोडून काढणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

"ऑटिझम आहे, मग असं चालायचंच"

या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी अचानक डोक्याच्या एका बाजूला हात मारून घ्यायला लागली. रात्री झोपेना. मारता मारता सारखी म्हणायची, "झालं झालं, रडायचं नाही." डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ऑटिझममध्ये मुलं स्वतःला मारून घेतात, आणि तेच तेच बोलतातसुद्धा. त्यांनी तिला हात न लावता वागणुकीच्या थेरपीचं नाव लिहून दिलं. पण ते वाक्य कुठून आलं हे मला माहीत होतं. लहानपणी इंजेक्शन देताना एक सिस्टर तिला तसं म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून काहीही दुखलं की ती तेच म्हणते. दुसऱ्या डॉक्टरांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि कानात यंत्र घालून बघितलं. पडदा लालभडक झाला होता.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणण्याला एकोलेलिया म्हणतात. पूर्वी ते निरर्थक समजून बंद पाडायचा प्रयत्न व्हायचा. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी ऑटिस्टिक मुलांच्या अशा बोलण्याचं बारकाईने निरीक्षण केलं. मुलं त्यातून होकार देतात, काहीतरी मागतात, संभाषणातली आपली पाळी सांभाळतात, स्वतःला सूचना देतात, असं त्यांना आढळलं. अर्थ असतो, पण तो शब्दांत सापडत नाही. ते वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं, त्या प्रसंगात तो असतो. आणि तो प्रसंग बहुधा आईवडिलांनाच ठाऊक असतो.

एक मोठं निदान समोर असलं की त्याच्या आड दुसरा आजार दिसेनासा होतो. १९८२ साली स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या संदर्भात ही चूक दाखवून दिली होती. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. या मुलांमध्ये बद्धकोष्ठ आणि पोटाचे इतर त्रास इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. फिट्सचं प्रमाणही जास्त असतं. शिवाय काही मुलांना आपल्या शरीरात कुठे काय दुखतंय ते नीट कळत नाही किंवा सांगता येत नाही. वागणं अचानक बदललं तर आधी कान, दात, घसा, पोट तपासायचं, हा साधा नियम प्रत्येक दवाखान्यात पाळला गेला पाहिजे. वागणुकीचा विचार त्यानंतर.

आईवडिलांवर संशयाची जुनी खोड

पालकांचं न ऐकण्याची ही रीत आजची नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकाच्या नजरेत आणला. ही मुलं जन्मतःच वेगळी असावीत, असं त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. पण त्यांच्या आईवडिलांबद्दलही त्यात शेरे होते, आणि १९४९ साली तर ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवली गेली, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तिथून 'फ्रीजसारखी थंड आई' ही कल्पना पसरली. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात ती आणखी पुढे नेली. ते स्वतः नाझी छळछावणीतून वाचलेले होते, आणि मुलाच्या अवस्थेची तुलना त्यांनी तिथल्या कैद्यांशी केली. यात आईची जागा कुणाची झाली, ते वेगळं सांगायला नको. कितीतरी आयांनी आयुष्यभर स्वतःला अपराधी मानलं.

हे खोडून काढण्यात पालकच पुढे होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुरावे मांडून सांगितलं की कारण जैविक आहे, संगोपन नव्हे. लोर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती. १९६२ साली ब्रिटनमध्ये पालकांनी मिळून जी संस्था काढली तिच्या स्थापनेत त्या होत्या, आणि ऑटिझमला आज आपण स्पेक्ट्रम (प्रत्येकात कमी-जास्त, वेगळ्या रूपात दिसणारा पट) म्हणतो त्यात त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना दोषमुक्त केल्याचं जाहीर केलं. पुढे १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी किमान एक मूल ऑटिस्टिक असलेल्या जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांमध्ये दोन्ही भावंडं ऑटिस्टिक होती, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांमध्ये एकाही जोडीत नव्हती. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, म्हणून आनुवंशिकतेचा धागा हाती आला. सिद्धान्त बाद झाला, खोड मात्र राहिली. "घरी तुम्ही फार लाड करता वाटतं" हे तिचंच आजचं रूप आहे.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला, तो मला सगळ्यात पटतो. समजून घेण्यातली अडचण दुहेरी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन ओळखणं जड जातं हे सगळे सांगतात, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. फरक एवढाच की पहिल्याला लक्षण म्हणतात आणि दुसऱ्याला कुणी नावच देत नाही.

भेटीला जाताना

चांगले तज्ज्ञ आहेत. आमच्या स्पीच थेरपिस्ट पहिल्या दिवशी काहीही न विचारता मुलीशेजारी जमिनीवर बसल्या आणि ती मणी लावत होती तसे मणी लावत राहिल्या. घरी ती काय काय बोलते, ते मला लिहून आणायला सांगितलं. अशी माणसं एका वाक्यावरून ओळखू येतात. त्यांना एखादी गोष्ट कळली नाही तर ते पालकांना विचारतात.

बाकीच्यांसाठी तयारी करून जावं लागतं. "ती फार चिडते" असं सांगितलं तर ते मत ठरतं. कधी, त्याआधी काय झालं, किती वेळ चाललं आणि कशाने थांबलं हे लिहून नेलं तर ती नोंद ठरते, आणि नोंद झटकून टाकणं अवघड असतं. घरी काढलेला छोटा व्हिडिओ अनेकदा तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. मूल ठरावीक वाक्यं म्हणत असेल तर ती कुठून आली आणि कधी म्हणतं याची यादी सोबत असू द्या. दवाखान्यात ती आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. थेरपी सुचवली तर ती कशासाठी हे विचारा. मुलाला संवाद करता यावा, त्रास कमी व्हावा, स्वतःची कामं जमावीत यासाठी असेल तर ठीक. मुलाने हात हलवू नयेत आणि नजरेला नजर द्यावी, म्हणजे चारचौघांत वेगळं दिसणार नाही, एवढंच उत्तर मिळालं तर मी ती नाकारते. हात हलवून ती स्वतःला सावरत असते, आणि नजर सांभाळण्यात शक्ती गेली की ऐकायला ती उरत नाही.

आणि रिपोर्ट हातात आला की तिथेच बसून वाचा. 'येत नाही' असं लिहिलं असेल तर 'या भेटीत केलं नाही' असं दुरुस्त करून मागा. कोणती चाचणी, किती वेळ, उत्तरासाठी किती थांबलात, मूल त्या दिवशी थकलेलं होतं का, हेही नोंदवायला सांगा. दुरुस्ती नाकारली तर आपलं म्हणणं लेखी देऊन त्या रिपोर्टसोबत जोडून घ्या. पुढच्या वर्गशिक्षिका मुलीला भेटण्याआधी तो कागद वाचणार असतात.